जहांगीरचा बंब

कंदिलाची वात जरा खाली करा. उजेड डोळ्यांवर येतो. हं, आता ठीक.

मघाशी तुम्ही त्या नव्या मोटार-बंबाचं कौतुक करत होता. लाल रंग, पितळी घंटा, टोपीवाले जवान. मीही तो पाहिला. म्युनिसिपल कमिटीच्या अध्यक्षांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि फोटो काढून घेताना त्याच्यापुढे असे छाती काढून उभे राहिले, की फोटोत बंबाचं फक्त एक चाक आलं. छान झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक कशालाही टाळ्या वाजवतात.

माझी सारी नोकरी विमा कंपनीच्या तपासनिसाची. आग विझली की मी जायचो. राख उपसायची, कारण शोधायचं, मालकाचं खोटं ऐकून घ्यायचं आणि नागपूरच्या कचेरीला कळवायचं. माझ्या लहानपणी वऱ्हाडात घर पेटलं की लोक शेजारच्या घराचं छप्पर आकड्यांनी ओढून पाडत. पेटलेलं घर गेलंच म्हणून सोडून देत. पखालवाला रेड्याच्या पाठीवर पाणी घेऊन आगीपाशी पोचेपर्यंत निम्मं पाणी वाटेत सांडून जाई. पुढे कापसातली सरकी काढायचे कारखाने, म्हणजे जिनं आली, कापसाचा पैसा आला आणि विलायतेहून हातबंब आले. भिंतींवर लाल बादल्या टांगल्या गेल्या. त्यांत वाळू असावी असा नियम होता. मला त्यांत पानाच्या पिंका सापडत, विड्यांची थोटकं सापडत. एकीत तर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. मग मोटारी आल्या. यंत्रं बदलत गेली. पण यंत्राची किल्ली ज्याच्या कनवटीला असते त्या माणसाबद्दलचं माझं मत काही बदललं नाही.

भुतांबद्दलचं मत मात्र... ते सांगतो.

चैत्राचे दिवस होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, आणि माझा मुक्काम अकोल्यात. नांदुऱ्याहून जळगाव जामोदकडे जाणाऱ्या वाटेवर एक गाव आहे, त्याचं नाव सांगत नाही. तिथलं किसनराव नावाच्या माणसाचं जिन जळाल्याची तार आली. मला नवल वाटलं नाही. कापसाचा भाव पडला की जिनांना आगी लागतात. हा मी माझ्या नोकरीत शिकलेला एकमेव शास्त्रीय नियम.

नांदुरा स्टेशनावर मला न्यायला छकडा आला होता. हाकणारा उकंडराव हा जिनाचा चौकीदार. पन्नाशीचा, खांदे पडलेला, डोळ्याला डोळा न देणारा. पूर्णा ओलांडेपर्यंत तो बैलांशीच बोलत होता. नदीच्या दोन्ही बाजूंना ती खारी जमीन. विहिरीला पाणी लागतं, पण ते जिभेवर ठेववत नाही. जनावरंसुद्धा तोंड लावून मान फिरवतात.

"आग लागली तेव्हा तू कुठं होतास?" मी विचारलं.

"गावात धाडलं होतं साहेब मले. बादल्या अन् मानसं आनाले."

"आणि बंब? जिनात हातबंब होता ना?"

"होता ना. जहांगीर होता त्याच्यावर, बंबाच्या टोळीचा नाईक. चांगला हात होता त्याचा."

"होता म्हणजे? आता कुठं आहे?"

उकंडरावानं बैलांच्या पाठीवर उगाच कासरा आपटला. "पळून गेला म्हन्ते."

"कोण म्हणते?"

"मालक म्हन्ते." मग आवाज खाली आणून, "साहेब, दुपारचं तिथं थांबू नका. सकाळचंच काय पाह्याचं ते पाहून घ्या."

"काऊन?" मी त्याच्याच बोलीत, त्याला हिणवायला म्हणालो.

त्यानं बैल दामटले. मी पुन्हा विचारलं नाही. चौकीदार, गाडीवान, स्मशानातले डोम यांच्या भुतांच्या कहाण्या मी इतक्या ऐकल्या होत्या, की मला त्यांची कीवसुद्धा येईनाशी झाली होती.

किसनराव ओसरीवर वाटच पाहत होते. गोरेपान, दुटांगी धोतर, अंगाला अत्तराचा वास. आपलं सगळं जळालं असं सांगणाऱ्या माणसानं अत्तर लावू नये, एवढीही अक्कल नव्हती. वाळ्याचं सरबत पुढे करून ते पुस्तकी मराठीत बोलू लागले. मी साहेब असल्यामुळे त्यांनी ती भाषा काढली होती. अंगावर घातलेल्या उसन्या कोटासारखी ती त्यांना खांद्यात काचत होती.

"काय सांगू नारायणराव, भर दुपारी कापसाच्या ढिगानं पेट घेतला. मी एकटा. जहांगीर आणि त्याची तीन माणसं धूर दिसताच पळाली. बंब तसाच सोडून पळाली. मी स्वतः या हातांनी बादल्या ओतल्या."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मऊ, गुबगुबीत, एक फोड नाही.

"मोटार-बंब मागवला नाही?"

"घोडेस्वार धाडला होता. कमिटीचा निरोप आला, की बंब गावाच्या हद्दीबाहेर काढता येत नाही."

हे मात्र खरं निघालं. शेजारच्या एका मोठ्या गावच्या कमिटीनं नवाकोरा मोटार-बंब घेतला होता. मी नंतर चौकशी केली. आगीच्या दिवशी तो बंब अध्यक्षांच्या घरच्या लग्नाच्या मांडवापुढे पाणी शिंपडत होता. धूळ उडून वऱ्हाडी मंडळींचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून.

जिन गावाबाहेर होतं. पत्र्याचं छप्पर आत कोसळलेलं, भिंती काळ्याठिक्कर, आणि वरून सरळ आत पडणारं ऊन. कापूस जळल्याचा वास तुम्ही कधी घेतलाय? तो लाकडाच्या धुरासारखा नसतो. जुन्या गोधडीत विडी पडून रात्रभर धुमसावी तसा गोडसर असतो, आणि घशाला चिकटून बसतो. आठवडा उलटून गेला होता, तरी तो वास ताजा होता.

कापसाच्या खोलीला एकच दार होतं. सागाची दोन फळ्यांची दारं जळून पार कोळसा झाली होती. दगडी चौकट तेवढी उघडी उभी. उंबऱ्याशी राखेत मी काठीनं उकरलं तर कडी-कोयंडा हाती आला. कोयंड्यात कुलूप होतं. लावलेलं.

मी ते किसनरावांना दाखवलं.

"दुपारी चोरीच्या भीतीनं कुलूप लावतो आम्ही," ते चटकन म्हणाले.

"मग माणसं पळाली कुठून? आणि तुम्ही बादल्या ओतल्या त्या कुठून?"

"म्हणजे... आधी पळाली. मग मी कुलूप लावलं. लोक कापूस चोरून नेतील म्हणून."

"पेटलेला कापूस?"

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, जेवणाची वेळ झाली म्हणाले, आणि मला तिथंच सोडून घराकडे गेले. मूर्ख माणसाचं खोटं ऐकताना माझी करमणूक होत असे. हुशार माणसाचं खोटं निदान अभ्यासण्यासारखं असतं. हे तर तेही नव्हतं.

मी बंबापाशी गेलो.

खोलीच्या मधोमध तो उभा होता. लोखंडी चाकांची गाडी, तिच्यावर धुरानं काळवंडलेलं पितळी नळकांडं आणि दोन्ही बाजूंना आडवे लाकडी दांडे. दोघांनी इकडचा दांडा खाली दाबायचा, की तिकडचा वर येतो. मग तिकडच्या दोघांनी दाबायचा. बाहेरच्या हौदातलं पाणी भिंतीतल्या नळानं आत खेचलं जातं आणि तोटीतून धार सुटते. तोटीची कापडी नळी जळून गेली होती. दांडेही जळाले होते. पूर्ण मात्र नाही.

मी वाकून पाहिलं. कोळसा झालेल्या दांड्यांवर मुठीएवढे पट्टे राहिले होते. जोडीजोडीनं. त्या जागी सागाचं लाकूड पिवळं होतं, गुळगुळीत, कालच रंधा मारल्यासारखं. एका पट्ट्याच्या कडेला बोटांच्या पेरांची नक्षी होती.

मला समजायला वेळ लागला नाही. असल्या गोष्टी समजण्याचाच मला पगार होता. आग जेव्हा त्या दांड्यांवरून गेली, तेव्हा त्यांवर हात होते. चार माणसांचे. ते सुटले नव्हते.

बाहेर ऊन असं पडलं होतं की सावल्या पायांखाली गेल्या होत्या. झाडावर पाखरू नव्हतं. गरम वारा भिंतीच्या भोकांतून शिरत होता आणि राख जमिनीवर सापासारखी सरकत होती. मी खिशातून टेप काढून दाराकडे मापं घ्यायला वळलो, आणि पाठीमागे आवाज झाला.

खडक्... धप्प.

जड आवाज. कष्टाचा. थोडा थांबून पुन्हा.

खडक्... धप्प.

मी वळलो. कोणी नव्हतं. बंब जागच्या जागी होता. पण मघाशी माझ्याकडचा दांडा वर होता, तो आता खाली होता.

उन्हानं लोखंड फुगतं, सैल पडतं. हे मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. एकटं असताना मोठ्यानं बोलावं लागतं तेव्हा माणसानं काय समजायचं ते समजावं, पण मी समजलो नाही. मी पुढे होऊन तोटीला हात लावला. पितळ तापून निखारा झालेलं असायला हवं होतं. ते गार होतं. ओलं होतं. माझा हात ओला झाला. उन्हात तो पाहता पाहता वाळला, आणि तळव्यावर मिठाची पांढरी पापडी धरली.

बाहेर जाऊन हौद पाहिला. तळाला भेगा पडल्या होत्या.

जहांगीरची बायको गुलनार जिनामागच्या वस्तीत राहत होती. मला तिची जबानी हवी होती, एवढंच. आपण त्या खोलीतून जरा घाईनं निघालो, हे मी उकंडरावाला जाणवू दिलं नाही. तो मला तिच्या दारापर्यंत सोडून बाहेरच लिंबाखाली बसला.

गुलनार ज्वारी निवडत होती. तिशीची, किडकिडीत, डोक्यावरून ओढणी. तिच्याशेजारी एक म्हातारी बसली होती. जहांगीरबरोबर दांड्यावर असायचे ते मोतीराम आणि त्याचा धाकटा भाऊ, त्यांची ही आई सरस्वतीबाई. चौथा माणूस सईद, गुलनारचा सख्खा भाऊ.

"तुझा नवरा कुठं पळाला ते तुला माहीत आहे?" मी विचारलं.

"ते पळाले नाही साहेब." तिनं वर पाहिलं नाही. "कामावर हायेत."

"कोणत्या कामावर?"

"बंबावर. आग लागली तवापासून दुपार झाली का चालू करतात. तुमी आयकलं असंल ना..."

म्हातारी म्हणाली, "माह्ये पोरंबी हायेत त्याच्यासंगं. धाकट्याले दम लागते. तो मधात थांबते अन् मंग पुन्हा धरते. म्या ओळखते."

बाहेर वारा पडला होता. त्या शांततेत, जिनाच्या दिशेनं, अगदी हळू... खडक्... धप्प. खडक्... धप्प. मग एक खंड. मग पुन्हा.

म्हातारीनं मान हलवली. "हा पाहा. थांबला होता."

गुलनारनं सूप बाजूला ठेवलं. "साहेब, तुमी सरकारी मानूस..."

"मी सरकारी नाही. विमा कंपनीचा आहे."

"तेच. आगीचेच साहेब ना. तुमी त्याइले जाऊन सांगा, आग इझली म्हनून. नाईक वरच्याचा हुकूम झाल्याबिगर हात सोडत नाही. म्या सांगून पाह्यलं. माह्यं आयकत नाही. थकले असतील हो ते..."

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. रडणाऱ्या बाईला झिडकारता येतं. ती रडत नव्हती. शेतावर उशीर झालेल्या नवऱ्याला निरोप धाडावा, तशी मागत होती.

मी गेलो. तिच्यावर दया आली म्हणून गेलो असं समजू नका. स्वतःचा राग आला होता. वीस-पंचवीस वर्षं ज्या खुळ्या कहाण्यांवर मी थुंकत आलो, त्यांतली एक मला अशी पाठीत हात घालून ढकलते म्हणजे काय. एकदा जावं, मोठ्यानं बोलावं, काही होत नाही हे पाहावं, आणि संध्याकाळच्या गाडीनं अकोला गाठावं.

उकंडराव चौकटीबाहेर थांबला. मी आत गेलो. ऊन तिरपं झालं होतं आणि भिंतीची सावली बंबाच्या चाकांपर्यंत आली होती. आवाज चालू होता. जवळून तो वेगळा वाटत होता. लोखंडाच्या आवाजाखाली श्वास होते, धापा होत्या. दांडे मात्र हलत नव्हते. मी त्यांच्याकडेच पाहत होतो. स्थिर दांडे, आणि त्यांच्या खालीवर होण्याचा आवाज.

मी घसा साफ केला. एखाद्या सभेत उभं केल्यासारखं मला वाटत होतं.

"नाईक," मी म्हणालो. "मी तपासनीस आहे. आग विझली आहे. बस करा."

आवाज थांबला.

राखसुद्धा सरकायची थांबली. मग माझ्या डाव्या खांद्याशी, अगदी जवळ, धुरानं घसा बसलेल्या माणसाच्या आवाजात, अदबीनं कोणीतरी विचारलं,

"कोनती, साहेब?... वखारीतली?"

आणि हुकमाची जरा वाट पाहून दांडा पुन्हा खाली आल्याचा आवाज आला. खडक्... धप्प.

मी बाहेर कसा आलो ते मला आठवत नाही. उकंडरावाचा हात माझ्या दंडाला होता एवढं आठवतं.

"किसनरावांची वखार कुठं आहे?" मी विचारलं.

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "तुमाले कोनं सांगितलं?"

"कुठं आहे?"

"त्या शेतात... आंब्याच्या मागं." हाकेच्या अंतरावर पत्र्याचं एक टोक दिसत होतं. मग बांध फुटावा तसा तो बोलत सुटला, पण कुजबुजतच. आगीच्या आधी किसनरावांनी सरकी काढलेल्या चांगल्या रुईच्या गठाणी, म्हणजे गासड्या, त्या वखारीत हलवल्या होत्या. जिनात उरला होता तो पावसात भिजलेला, काळा पडलेला कापूस. तो पेटवायचा आणि सगळ्याचा विमा घ्यायचा. लोभ असा, की ढीग धुमसू लागल्यावरही त्याच्या शेजारची शेवटची चांगली गठाण त्यांना सोडवेना. तीही ओढून गाडीत घातली. जहांगीरला यातलं काही ठाऊक नव्हतं. धूर दिसला तसा तो आपली माणसं घेऊन आत धावला आणि बंब सुरू केला.

"म्या निंगालो तवा आग इझत आली होती साहेब, मालकाचा इमा बुडनार होता. चांगला हात होता त्याचा. म्या मानसांच्या आंधी गावातून पलटून येतो तं हौद रिकामा अन् दाराले कुलूप. आतून हाका मारून राह्यले होते. दार उघडा, दार उघडा. म्या चाबी मांगली. मालक म्हने, आत कोनी नाही बे, आग बोलते अशी." तो थांबला. "म्या नोकर मानूस. काय करू..."

त्याच्याबद्दल मला काय वाटलं ते मी त्याच्या तोंडावरच सांगितलं. ते इथं पुन्हा सांगत नाही.

तिथून मी थेट किसनरावांच्या ओसरीवर गेलो. ते पान लावत होते.

"तुमच्या वखारीतली आग विझली का?" मी विचारलं.

"वखार? कोणती वखार..." चुना लावलेलं पान त्यांच्या हातातून धोतरावर पडलं. मग ती उसनी भाषा एकदम गळून गेली. "कोनती आग? तिथं कुठी आग हाय?"

धुमसत्या ढिगाशेजारून उचललेल्या गठाणीच्या पोटात ठिणगी आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस जगते. वरून हात लावला तर गार लागते. आत ती कुरतडत असते. हे मी त्यांना सांगत होतो, पण ऐकायला ते जागेवर नव्हतेच. धोतराचा सोगा हातात धरून ते शेतातून पळत सुटले होते. मी आणि उकंडराव मागे धावलो.

वखारीच्या पत्र्याखालून केसासारखा बारीक धूर निघत होता. किसनराव कुलपाशी झटत होते.

"दार उघडू नका," मी ओरडलो. "हवा जाईल आत. उघडू नका."

त्यांनी उघडलं. माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना राहवणार नव्हतं. दार उघडून ते आत घुसले आणि पहिली गठाण मिठी मारून ओढू लागले. वखारीनं एक लांब श्वास घेतला. खरंच घेतला, माझ्या अंगावरचा सदरा दाराकडे ओढला गेला. मग आतून भडका झाला, रचलेल्या गठाणी कलल्या आणि दारात आडव्या पडल्या.

वस्तीतली माणसं घागरी घेऊन धावली. गुलनारही आली. जिनाच्या बाजूनं बंबाचा आवाज चालूच होता. आता तो सगळ्यांना ऐकू येत होता आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. खडक्... धप्प. खडक्... धप्प.

आतून किसनराव ओरडले. "जहांगीर... बंब आन... जहांगीर..."

दांडा वर गेल्याचा आवाज आला. खडक्.

खाली आल्याचा आला नाही.

आम्ही सगळे कान देऊन उभे होतो. घागरी हातात तशाच होत्या. आठवडाभर जे हात थांबले नव्हते, ते अर्ध्यावर थांबले होते. वखार जळत राहिली, आणि आतला आवाज थोड्या वेळानं आगीच्या आवाजासारखाच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आला. त्याला आल्या आल्या दूध-जिलेबी लागली, ती मिळेपर्यंत त्यानं पंचनाम्याला हात लावला नाही. वखारीमागच्या पडीक विहिरीवर ताजी माती दिसत होती. ती उपसली तेव्हा किसनरावांनी रातोरात लपवलेले ते चौघं सापडले. अंगं ओळखण्यापलीकडे गेली होती. हात तेवढे मनगटापर्यंत जसेच्या तसे होते, मुठी वळलेल्या; त्यांवरूनच ज्याचा तो ओळखला. गुलनारनं जहांगीरची मूठ उघडून पाहायचा प्रयत्न केला. उघडली नाही. तिनं ती तशीच ओढणीनं पुसली.

जहांगीर आणि सईदला कबरस्तानात नेलं. मोतीराम आणि त्याच्या भावासाठी लोक लाकडं जमवू लागले, तेव्हा सरस्वतीबाई आडवी आली. माझ्या पोरांना दोनदा आग लावू देणार नाही, एवढंच ती म्हणाली. त्यांना शेताच्या कडेला पुरलं. गावातल्या दोन शहाण्यांनी शास्त्राचं काहीतरी सुरू केलं. मी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. ते मागे सरले.

किसनरावांचं काय उरलं होतं ते एका टोपलीत मावलं.

सगळं आटपलं तेव्हा दुपार झाली होती. उकंडरावानं छकडा जुंपला. मी गुलनारच्या दारात उभा होतो. निरोप घ्यायला नव्हे; तिच्या जबानीवर अंगठा हवा होता. ती बाहेर आली. तिचा चेहरा झोप झालेल्या माणसासारखा दिसत होता. म्हातारी आत भिंतीला टेकून खरोखरच झोपली होती.

जिनाच्या बाजूनं आवाज आला.

खड... खडक्. मग बराच वेळ काही नाही. मग एक घसरल्यासारखा आवाज, आणि एक उचकी. धप्प.

मी गुलनारकडे पाहिलं. तिनं मान एका अंगाला कलती करून ऐकलं, परक्याच्या पावलांचा आवाज ऐकावा तसं.

"हे आमचे नोहे," ती म्हणाली. "एकटा हाय. ह्याले दांडा धरता येत नाही."

तिनं अंगठा उठवला, शाई दाराच्या फळीला पुसली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

छकडा जिनावरूनच जाणार होता, दुसरी वाट नव्हती. उकंडरावानं पागोट्याचा शेव कानांवरून घट्ट ओढला. बैल मान खाली घालून चालत होते. भिंतीच्या जवळ आलो तसा दांड्याचा आवाज बंद झाला, आणि मऊ, गुबगुबीत तळव्यांनी लाकडावर थापा मारल्याचा आवाज सुरू झाला. थप्. थप्. थप्.

"उकंडराव..." आतून कोणीतरी म्हणालं. "उकंडराव, दार उघड ना बे..."

उकंडरावानं बैलांना पराणी टोचली. "म्या काही आयकलं नाही," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "तुमी आयकलं का साहेब?"

मी त्या चौकटीकडे पाहत होतो. ती माझ्यासमोर सताड उघडी होती. उन्हात आतली राख दिसत होती, बंब दिसत होता, पलीकडची भिंत दिसत होती. त्या रिकाम्या चौकटीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर, हवेतच, थापा पडत होत्या.